कलमाच्या चाकूचं लॉक : प्रकल्प नोंदी

३ जून २०२४, डिचोली

काम असं ठरलं आहे: कलमं बांधणाऱ्यासाठी घडीचा चाकू. पातं ६० मिमी, मूठ १०५ मिमी, आणि काम चालू असताना पातं बोटांवर मिटणार नाही असं लॉक. पात्याचा आकार, मुठीचा माल, किंमत, सगळं त्यानंतर.

मागणी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका नर्सरीतून आली. तिथले काका पाऊस धरला की काजूची मृदुकाष्ठ कलमं बांधायला बसतात. वाण वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७, आपली बाळ्ळी-२. जुलै लागला की मानकुराद आंब्याची कोय कलमंही सुरू होतात. त्यांच्या हातातला चाकू चांगल्या पोलादाचा आहे, धार तर केस कापेल अशी. पण त्याला लॉक नाही. उजव्या तर्जनीच्या दुसऱ्या पेरावर एकावर एक व्रण आहेत, आणि ते सगळे एकाच जागी.

त्या जागेवरून निम्मं उत्तर मिळतं. कलमकाडीचा, म्हणजे रोपावर बसवायच्या काडीचा, तिरका काप घेताना पातं धारेच्या बाजूने दाबलं जातं. तो दाब पात्याला आणखी उघडायला बघतो, मिटायला नाही, म्हणून तिथे लॉक नसलं तरी चालतं. घोटाळा पुढच्या पायरीला आहे. रोपाचा शेंडा छाटून उरलेल्या खुंटात चार-पाच सेंटिमीटरची उभी चीर पाडायची, मग ती किंचित फाकवून काडीची पाचर आत सरकवायची. चीर फाकवताना आणि अडकलेलं पातं हलवून बाहेर काढताना जोर पाठीच्या बाजूने येतो, म्हणजे थेट मिटण्याच्या दिशेने. तर्जनी त्या वेळी बरोबर धारेच्या वाटेत असते.

आणि चाकूने फक्त कलमंच होतात असं कुठे आहे? काका त्यानेच खताचं पोतं फाडतात, काथ्याची दोरी कापतात, कुंडीच्या बुडातलं भोक मोकळं करतात. लॉकवर खरा ताण ही कामं टाकतात. त्यामुळे मोजमाप याच कामांसाठी करणार.

७ जून

तुलनेसाठी आधी बिनलॉकचा नमुना केला, कारण घडीच्या चाकूची सगळी बाराखडी त्यात आहे. पात्याचं बूड, म्हणजे मुठीत राहणारा भाग, एका खिळीवर फिरतं. पाठीला एक जाड स्प्रिंग असते, तिचं टोक बुडावर सतत दाबून बसतं. बुडाला सपाट बाजू ठेवल्या की स्प्रिंग त्या सपाटीवर बसते आणि पातं तिथे थांबतं. उघडं, अर्धं, मिटलेलं, अशा तीन जागा. अडवणारं काहीच नाही, फक्त स्प्रिंगचा दाब आहे. स्वित्झर्लंडच्या कार्ल एल्सेनर यांचा १८९७ चा ऑफिसर्स चाकूही याच तत्त्वावर चालतो. एकाच स्प्रिंगवर दोन्ही बाजूंची पाती चालवणं ही त्यातली खरी हुशारी होती.

स्प्रिंगसाठी माल अंगणातच पडलेला होता. खाणी चालू होत्या तेव्हा टिपरचे तुटलेले कमानपाटे आमच्याकडे यायचे. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, पुढे सुरू झाल्या आणि २०१८ मध्ये पुन्हा बंद पडल्या. पाटे मात्र तिथेच राहिले. एक पाटा मऊ करून घेतला, पट्टी कापली, तेलात पाणी दिलं, मग निळा रंग उतरून करडा यायला लागेपर्यंत परत तापवली. कमानीचं पोलाद याच कामासाठी जन्मलेलं असतं, त्यामुळे ती वाकते आणि सरळ होते, रुसत नाही.

तिन्ही जागांवर स्प्रिंगची पाठ मुठीच्या पाठीशी अगदी सपाट यायला हवी. डायल गेज (बारीक उंच-सखल मोजणारं काट्याचं साधन) लावून पाहिलं, अर्ध्या जागेवर ती ०.०८ मिमी वर राहत होती. बुडाची ती बाजू कानशीने उतरवली. आता नखाला कुठेही पायरी लागत नाही. मिटताना जो आवाज येतो तो ऐकत राहावा असा आहे.

१४ जून

वजन तोलायची सोय: मूठ व्हाइसमध्ये आडवी, धार खाली. धार न काढलेलं पातं लावायचं, पाठीवरून पट्टा टाकून खिळीपासून ५० मिमीवर बादली टांगायची आणि लिटरच्या मापाने पाणी ओतत जायचं. एक लिटर म्हणजे एक किलो, काट्याची गरज नाही.

बिनलॉकचा नमुना दोन लिटर पूर्ण व्हायच्या आधीच मिटला. स्प्रिंग आणखी ताठ केली तर उघडताना नख तुटेल. इथे या प्रकाराची मर्यादा संपते.

दुपारी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात फिरून आलो. लोहारांकडे कोयते, विळे, नारळ सोलायच्या सुळ्या, सगळं होतं, पण घडीचं एकही हत्यार स्थानिक घडणीचं नव्हतं. आपल्याकडे शेतातलं हत्यार कमरेच्या आकडीला लटकतं, खिशात जात नाही, आणि याचं मला नवल वाटत नाही. ज्यात फिरणारा सांधा आहे त्यात माती जाते.

१८ जून

सकाळभर नर्सरीत बसलो. काका, त्यांच्या वहिनी आणि दोन मुलगे, चौघं बांधत होते. मी फक्त हात बघत होतो.

चाकू सकाळी एकदा उघडतो. चहाला मिटतो, पुन्हा उघडतो, जेवायला मिटतो. बस. चाकूच्या जाहिरातींत एका हाताने फटकन उघडण्याचं आणि एका हाताने मिटण्याचं जे कौतुक असतं, त्याचा इथे काडीचा उपयोग नाही. इथे लॉक लागलेलं राहायला हवं, तासन् तास, चिकाने माखलेल्या ओल्या हातात. ते सुटायला थोडं अवघड असलं तरी चालेल.

काकांना विचारलं, "काका, मिटताना दोन हात लागले तर चालेल?"

"अरे पुता, मिटायला चार हात लाव. पण आपणहून मिटता कामा नये."

वहिनी डावखुऱ्या आहेत. हे वहीत ठळक लिहून ठेवलं.

२२ जून

पहिलं खरं लॉक: लायनर लॉक. मुठीच्या आत एका बाजूची धातूची पट्टी उभी चिरलेली असते आणि चिरलेला भाग आतल्या बाजूला किंचित वाकवलेला असतो. पातं पूर्ण उघडलं की ती जीभ सरकून बुडाच्या मागे दाराच्या अडसरासारखी उभी राहते. अशी चिरलेली पट्टी विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून माहीत होती, अमेरिकेतले इलेक्ट्रिशियन असले चाकू वापरायचे. तिला आजचं रूप मायकल वॉकर या कारागिराने १९८० च्या दशकात दिलं: बुडाला उतार दिला, म्हणजे झीज झाली की जीभ आणखी थोडी आत सरकते आणि खेळ, म्हणजे सांध्यातला ढिलेपणा, भरून निघतो. शिवाय जिभेवर पोलादी गोळी बसवली, ती मिटलेल्या पात्याच्या खळग्यात बसून त्याला धरून ठेवते.

माझी पट्टी १.५ मिमी स्टेनलेसची. बुडाचा उतार ८ अंश. जीभ बुडाच्या रुंदीच्या साधारण तिसऱ्या हिश्शावर येऊन थांबते. एवढीच हवी, कारण पुढची जागा झिजेसाठी राखून ठेवायची असते. गोळीचा खळगा घेताना ड्रिल अर्धा दशांश मिलिमीटर इकडे-तिकडे झालं तरी पातं मिटल्यावर खुळखुळतं, म्हणून आधी गोळी बसवली, तिला शाई लावली, पातं मिटून फिरवलं आणि उमटलेल्या रेघेच्या शेवटाच्या जरा पुढे खळगा घेतला. जरा पुढे घेतल्याने गोळी पूर्ण तळाला न बसता कडेवर राहते आणि पात्याला आत ओढते.

दिसायला देखणं. टक् असा आवाज.

२६ जून

कोरडं असताना बादली काठोकाठ भरली तरी लायनर लॉक हललं नाही. मग काकांच्या घरी जे होतं तेच केलं: खोबरेल लावलं. काका चाकूच्या प्रत्येक भागाला खोबरेल लावतात, पावसात लोखंड गंजू नये म्हणून, आणि त्यांचं बरोबर आहे.

खोबरेल लावल्यावर बादली अर्धी होते न होते तोच जीभ बुडावरून बाहेर सरकायला लागली. एकदम नाही, हळूहळू. शाईच्या खुणेवर स्पष्ट दिसत होतं.

याचं गणित शाळेतल्या उतरणीच्या ठोकळ्याचं आहे. उताराच्या कोनाचा टॅन्जंट घर्षणगुणकापेक्षा कमी असेल तर ठोकळा कितीही दाबला तरी घसरत नाही. जास्त असेल तर दाबाल तितका पळतो. ८ अंशाचा टॅन्जंट ०.१४. कोरड्या पोलादावर पोलादाचं घर्षण त्याहून बरंच जास्त, म्हणून पकडतं. तेलकट पोलादाचं त्याच्या खाली उतरू शकतं, म्हणून सुटतं. जोर किती हा प्रश्नच उरत नाही, कोन आणि पृष्ठभाग एवढंच ठरवतं. मोठ्या चाकूचं लॉक लहानशा धक्क्याने सुटतं आणि लहान चाकूचं टिकतं, त्याचं कारण बऱ्याचदा इतकं साधं असतं.

कोन ६ अंशांवर आणला तर टॅन्जंट ०.१०५. तेलातही धरलं. पण आता जीभ इतकी घट्ट बसते की सोडवताना अंगठ्याचं नख पांढरं पडतं. टायटॅनियमच्या पट्टीला ही चिकटण्याची खोड आणखी असते. लोक मग जिभेच्या टोकावर पेन्सिल घासतात. म्हणजे पुन्हा घर्षण कमीच करतात! काकांच्या हातात असा चाकू द्यायचा ज्याला एका विशिष्ट जागी तेल लावायचं नाही, आणि तीच जागा सगळ्यात आत दडलेली. मला पटत नाही.

२ जुलै

वहिनींच्या हातात दिला. डाव्या हाताचा अंगठा जिभेच्या चुकीच्या बाजूला येतो, त्यामुळे तर्जनीचं टोक आत घालून उलटं ढकलावं लागतं. आणि हात कुठलाही असो, लायनर लॉक मिटताना बोट काही क्षण पात्याच्या वाटेत असतंच. सरावाच्या माणसाला त्याचं काही नाही. संध्याकाळी थकल्या हाताने, पावसात, कंदील लावायच्या वेळी? नको.

लायनर लॉक इथे थांबवलं. वाईट आहे म्हणून नाही. कोरड्या खिशात, स्वच्छ हातात त्याच्यासारखं हलकं आणि साधं लॉक नाही, माझ्या स्वतःच्या खिशात तेच राहील. हाच विचार चिरलेल्या पट्टीऐवजी मुठीच्या अख्ख्या बाजूत आणला की फ्रेम लॉक होतं. ते दक्षिण आफ्रिकेहून अमेरिकेत गेलेल्या ख्रिस रीव्ह यांनी रूढ केलं. ते जास्त मजबूत असतं, पण कोनाचं आणि तेलाचं गणित तेच.

६ जुलै

दिवसभर वीज येत-जात होती. मुठीसाठी हायलमच्या (राळेत थर दाबून केलेल्या कडक पत्र्याच्या) पट्ट्या करवतीने हाताने कापल्या. दुसरं काही नाही.

११ जुलै

कड्याचं लॉक. फ्रान्सच्या सव्हॉय भागातला ओपिनेल चाकू १८९० पासून आहे, त्याचं फिरतं कडं मार्सेल ओपिनेल यांनी १९५५ मध्ये आणलं. मुठीच्या तोंडाशी एक चिरलेलं कडं. चीर पात्याच्या रेषेत असली की पातं उघडतं-मिटतं, कडं फिरवलं की त्याचा भरीव भाग बुडाच्या वाटेत येतो. आत स्प्रिंग नाही, जीभ नाही. लॉक लागलं आहे की नाही हे डोळ्यांना दिसतं, आणि डावा-उजवा हा प्रश्नच नाही. कडं थोडं शंकूसारखं कापलं तर जितकं फिरवाल तितकं आवळतं, खेळ उरत नाही.

लाकडी मुठीचा त्रास आपल्याला ठाऊकच आहे. पावसात लाकूड फुगतं आणि पातं चिमटीत धरल्यासारखं अडकतं. फणसाची मूठ मी पाण्यात रात्रभर ठेवली तर सकाळी पातं दोन्ही हातांनी ओढावं लागलं. म्हणून मूठ कापडी हायलमची. मिलच्या बुशिंगला, पॅनेलबोर्डला वापरतात तेच. ते पाणी जवळजवळ पीत नाही, आणि घासलं की हाताला कापडाचा पोत लागतो, ओल्या हातातही घसरत नाही.

कडं लेथवर केलं, स्टेनलेस पाइपमधून. बादली काठोकाठ, वर एक वीट. काही हललं नाही. तेल लावलं, तरी नाही. चिखलात बुडवला, नळाखाली धरला, पुन्हा चालू. मी खूष होतो.

१५ जुलै

काकांकडे तो चाकू सकाळी दिला आणि दुपारी बघायला गेलो. कडं उघड्या जागेवरच होतं. "ते फिरवायचं कोणी लक्षात ठेवायचं?" काका म्हणाले. मुलग्यांकडेही तेच, वहिनींनी मात्र प्रत्येक वेळी फिरवलं.

हा हाताने लावायच्या लॉकचा स्वभाव आहे, त्याला कितीही उत्तम मशीनिंग उत्तर नाही. बोट कापणारा क्षण सांगून येत नाही. उघडल्याबरोबर आपोआप लागणारं लॉकच इथे हवं. वहिनींनी कड्याचा चाकू ठेवून घेतला, त्यांच्यासाठी तो बरोबर आहे.

१९ जुलै

तर मग पाठीचं लॉक, लॉकबॅक. आपल्याकडे खटक्याचा चाकू म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे दुसरंच काही येतं, पण हे शेतकऱ्या-शिकाऱ्यांचं जुनं, सभ्य लॉक आहे. १९६४ मध्ये अमेरिकेत बक कंपनीचा ११० नंबरचा चाकू आला आणि ते घरोघर पोचलं.

मुठीच्या पाठीला स्प्रिंगऐवजी एक दांडी असते, ती मध्ये खिळीवर झुलते. पुढच्या टोकाला खाली आलेला दात. मागच्या टोकाखाली स्प्रिंग, ती मागचं टोक वर उचलते म्हणजे पुढचा दात खाली दाबला जातो. पातं पूर्ण उघडलं की दात बुडाच्या खाचेत पडतो. सोडवायचं तर मागचं टोक अंगठ्याने दाबायचं. बोटं पात्याच्या वाटेत येत नाहीत, डावा-उजवा हात सारखाच.

आता ताण. बादलीत ८ लिटर, खिळीपासून ५० मिमी, म्हणजे ४०० किलो-मिमी. माझी खाच खिळीच्या केंद्रापासून ६ मिमीवर आहे, तर दातावर साधारण ६७ किलो. तेवढ्याशा दातावर! हे लक्षात घेतलं की लॉकचा दात आणि खाच यांची कडकाई, त्यांची कड आणि त्यांचा पूर्ण टेकणारा पृष्ठभाग यांना इतकं महत्त्व का हे सांगावं लागत नाही.

दुसरं गणित खेळाचं. दात आणि खाच यांच्यात ०.०५ मिमी मोकळीक राहिली, म्हणजे एका केसाच्या आसपास, तर ६० मिमीवरच्या टोकाला ती दहापट होते: ०.५ मिमी. टोक वर-खाली हलतं. कलमाच्या कापाला ते चालत नाही, काडीचा काप आणि खुंटाची चीर सपाट जुळली नाहीत तर साल सालीला लागत नाही आणि कलम जगत नाही.

उपाय दोन. एक, खाच खिळीपासून जितकी दूर नेता येईल तितकी न्यायची, म्हणजे गुणाकार कमी. दोन, पातं पुढे जाण्याचा धक्का दाताने झेलायचा नाही, त्यासाठी वेगळी ठोकर-खिळी, म्हणजे उघडं पातं जिच्यावर अडून थांबेल अशी खिळी, बसवायची. दाताने फक्त मिटण्याचा जोर घ्यावा. अँड्र्यू डेम्को यांनी कोल्ड स्टील या चाकू कंपनीसाठी केलेल्या ट्राय-ॲड लॉकमागचा मुख्य विचार हाच आहे, आणि तो मला या संपूर्ण विषयातला सगळ्यात शहाणा विचार वाटतो.

खाच ७.५ मिमीवर नेली. ठोकर-खिळी ३ मिमी, स्टेनलेस.

२४ जुलै

आजचा अख्खा दिवस एका दातावर गेला.

मिलिंगने दात खाचेपेक्षा ०.१ मिमी जाड ठेवला होता. बाकी हाताने. दाताच्या दोन्ही बाजूंना निळा मार्कर फासायचा, दांडी बसवायची, पातं उघडायचं, मागून लाकडी हातोडीने एक हलका ठोका. काढून बघायचं. जिथे निळा पुसला गेला तिथे धातू टेकतोय. आधी फक्त वरच्या कडेला एक रेघ पुसली गेली होती, म्हणजे दात खाचेत उतरतच नव्हता, तोंडाशी अडकत होता. बारीक कानशीचे दोन हात, पुन्हा निळा. रेघ खाली सरकली. मग डाव्या बाजूला एक ठिपका उरला, म्हणजे दात तिरका. कानस सोडून काचेवर चिकटवलेल्या ४०० च्या पॉलिश पेपरवर घासला. दुपारनंतर निळा संपूर्ण पृष्ठभागावर सारखा, विरळ पुसला जायला लागला.

दाताची मागची बाजू सरळ नाही, तिला जरासा उतार आहे. दात झिजेल तसा तो खाली उतरत जाईल आणि भरून घेईल. उतार कमीच ठेवला आहे, लायनरच्या वेळचा धडा इथेही लागू: टॅन्जंट घर्षणाखाली. शिवाय तो जोर दाताला वर उचलू बघतो, आणि वर फक्त स्प्रिंग आहे.

खाचेच्या तळाशी दात टेकता कामा नये. टेकला की उतार कामच करत नाही. तिथे ०.३ मिमी मोकळं सोडलं.

३० जुलै

बादली काठोकाठ आणि दोन विटा. खोबरेल लावून तेच. टोकाला डायल लावला, खेळ ०.०५ मिमीच्याही आत.

मग कुंडीतली लाल माती, शेणखत आणि पाणी कालवून त्यात चाकू उघडा-मिटा केला. इथे लॉकबॅकचं दुखणं बाहेर आलं. खाचेत माती बसली, दात अर्धाच उतरला, आणि आवाज मात्र नेहमीसारखाच आला. हे धोक्याचं. अर्धं लागलेलं लॉक हे न लागलेल्या लॉकपेक्षा वाईट, कारण हात त्याच्यावर विसंबतो.

खाचेच्या तळाच्या मोकळ्या जागेतून दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांना आरपार ३ मिमीचं भोक पाडलं. आता दात खाली येताना माती बाजूला रेटली जाते, आणि नळाखाली धरलं की पाणी खाचेतूनच वाहतं. मुठीची खालची बाजूही उघडी ठेवली. पुन्हा तोच चिखल: दात पूर्ण उतरला. शिवाय दात पूर्ण उतरला की दांडीची पाठ मुठीच्या पाठीशी सपाट येते, अर्धवट असेल तर नखाला पायरी लागते. काकांना हेच दाखवणार: उघडलं की पाठीवरून नख फिरवा.

चाकूची पाठ टेबलावर आपटून लॉक तपासायची पद्धत अनेकजण वापरतात. मी ती वापरत नाही. आपटल्यावर दांडी क्षणभर उडते आणि चांगलं लॉकही सुटू शकतं, आणि नर्सरीत तसा धक्का कुठे बसतो? इथे हळू, वाढता, पिळवटणारा जोर असतो. बादलीच त्याच्या जवळची.

५ ऑगस्ट

काकांनी ओल्या काथ्याच्या दोरीवर चाकू ओढला आणि लॉक सुटलं. बोट वाचलं, दोरी पाठीच्या बाजूला नव्हती म्हणून. तिथेच त्यांना पुन्हा तशीच मूठ आवळायला सांगितली, पातं माझ्या हातातल्या लाकडात रोवून. घट्ट आवळली की तळहाताची गादी दांडीच्या मागच्या टोकावर चढते आणि ते दाबलं जातं. लॉकमध्ये काही बिघाड नाही, हातच लॉक सोडतोय.

यावर उपाय तयार आहे आणि तो डेव्हिड बॉय या अमेरिकन कारागिराच्या नावाने ओळखला जातो: दांडीच्या मागच्या टोकाची पाठ खोलगट कापायची. तळहात वरून जातो, खोलग्यात उतरत नाही, सोडवायचं असेल तर अंगठ्याचं टोक नेमकं त्यात घालावं लागतं. १० मिमी लांब, १.२ मिमी खोल खोलगा घेतला. काकांनी दात-ओठ खाऊन मूठ आवळली. सुटलं नाही.

१३ ऑगस्ट

एका मित्राने विचारलं, बेंचमेड या चाकू कंपनीचं ॲक्सिस लॉक का नाही? १९९८ पासून ते बाजारात आहे, मॅकहेन्री आणि विल्यम्स यांनी शोधलेलं. बुडाच्या मागे एक आडवी दांडी दोन स्प्रिंगांवर पुढे-मागे सरकते. दोन्ही हातांना सोयीचं, मजबूत. पण त्या दोन स्प्रिंगा केसासारख्या तारेच्या, मुठीत दडलेल्या. वाळपईत पावसाळ्यात ती तार गंजून तुटली तर काका काय करणार? माझ्या चाकूत जे तुटेल ते डिचोलीच्या कुठल्याही फिटरला करता आलं पाहिजे.

कायद्याचंही विचारलं त्याने. शस्त्र नियमांत परवान्याचा प्रश्न येतो तो ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्यांना, आणि शेती-घरकामाची हत्यारं त्यातूनही वगळली आहेत. आपलं पातं अडीच इंचांच्या आतलं, नखाने उघडायचं. दाबोळी विमानतळावर हातातल्या बॅगेत ठेवून जाऊ नका म्हणजे झालं.

२१ ऑगस्ट

नर्सरीतले नमुने परत आले, चिकाने काळे पडलेले. स्पिरिटने धुऊन मोजले.

दात आणि खाच: टोकाचा खेळ वाढलेला नाही. ठोकर-खिळीवर बारीक चकाकणारी रेघ, तिचं काम ती करते आहे. कमानपाट्याची स्प्रिंग मात्र दांडीखाली गंजली आहे, जिथे पाणी साचतं तिथे खड्डे पडलेत, आणि अशा खड्ड्यातूनच स्प्रिंग एक दिवस तुटते. ही बदलायची. स्टेनलेस ३०१ ची स्प्रिंग-पट्टी घेणार. तिला ताठपणा थंड लाटण्यातून आलेला असतो, म्हणून ती तापवायची नाही, वाकवताना लाल करायची नाही, फक्त कापून थंडच आकार द्यायचा. कमानपाटे मागे टाकताना वाईट वाटतं, पण दांडीखालची जागा कोरडी राहणं शक्य नाही.

पात्याला ईएन-३१ (बेअरिंगचं पोलाद) वापरलेल्या नमुन्यावर चिकाचे डाग आणि गंज. ४४० सी या स्टेनलेसवर फक्त डाग, तेही चिंचेने गेले. धार ईएन-३१ ची जरा चटकन लागते हे खरं, काकांनीही तेच सांगितलं. तरीही ४४० सी. कारण काकांसाठी चार मिनिटं जास्त घासणं सोपं, पण खाचेतल्या गंजाने दात अडकणं परवडणारं नाही. पातं आणि खाच एकाच तुकड्यात आहेत.

पात्याची कडकाई ५८-५९ एचआरसी (रॉकवेल मापाने), दांडीची ५०-५२. झिजायचं तर दांडीने झिजावं, ती बदलता येते. म्हणून दांडीची खिळी रिव्हेट न करता स्क्रूची केली. फिरत्या सांध्याला फॉस्फर ब्रॉन्झचे वॉशर राहतील.

मुठीच्या मागच्या टोकाला दोरीसाठी भोक हवं असं चौघांचंही म्हणणं. खोलग्याच्या मागे ५ मिमी जागा शिल्लक आहे, तिथे ४ मिमीचं भोक बसत नाही, कड पातळ राहते. मूठ १०५ ऐवजी १०९ मिमी करतो. ड्रॉइंग आज रात्री बदलून घेतो, पात्यांचा आणि दांड्यांचा पहिला माल चवथीनंतर बेळगावला हीट ट्रीटमेंटला जाईल. दात मात्र कडक झाल्यावरच जुळवायचे, पोलाद पाणी पिताना थोडं हलतंच, म्हणून जाडीला ०.१ मिमी राखून ठेवलं आहे.